एकाच पेंडीतले नारळ, रोपं मात्र दोन रंगांची. असं का?

चाकरमानी_परत (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न वाडीचा आहे, पण त्यात दहावीचं विज्ञानही घुसलंय. कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून इथेच टाकतो.

आमच्या विहिरीजवळ एक बुटका माड आहे, आमच्याकडे त्याला सिंगापुरी म्हणतात. झावळीचे देठ केशरी, नारळ केशरी, उभ्याने हात पोचेल इतक्यावर पेंडी. आजूबाजूला आमच्या आणि शेजाऱ्यांच्या वाडीत सगळे उंच बाणवली. गेल्या वर्षी या बुटक्याची एक पेंड झाडावरच पूर्ण पिकू दिली आणि नारळ न्हाणीमागच्या वाळूत रुजत घातले. नारळ एकजात केशरी, एकाच आकाराचे, शिवाय मी स्वतः काढलेले, म्हणजे भेसळीचा प्रश्नच नाही.

आता कोंब वर आलेत. बहुतेकांचे देठ आईसारखे केशरी आहेत, पण काहींचे चक्क तपकिरी. केशरी नाहीत आणि बाणवलीसारखे हिरवेही नाहीत. हे तपकिरीवाले अंगानेही दांडगे दिसतायत. पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) म्हणाला, "ही बिघडलेली, उपटून टाका." आई म्हणते वाळूत राख पडली असेल. भाची दहावीत आहे, ती म्हणते, "मामा, दुसऱ्या माडाचे परागकण आले असतील. परागकण म्हणजे पुंयुग्मक." तिच्या वहीत तसंच लिहिलेलं आहे. मी कॉमर्सचा माणूस, तेव्हा वही खरी की पाडेली खरा, हे कोणीतरी सांगा. रोपं ठेवू की उपटू?

रायवळ (दापोली)

उपटू नका! भाची बरोबर आहे, पोरं शेजाऱ्याची आहेत. 😀 नीट खुलासा बाई करतील, नारळाचं नाव काढलं की त्या येतातच.

शेवटचा_बाक (रत्नागिरी)

आलेच. रायवळ, शेजाऱ्याची म्हणून हसण्यासारखं काही नाही. माडाच्या जगात ती रीतच आहे.

चाकरमानी, उपटायचं नाव काढू नकोस. त्या वाळूतली सगळ्यात दमदार रोपं तीच निघतील. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, आता वाडी बघते, त्यामुळे तुझ्या दोन्ही प्रश्नांत मी नाक खुपसणार.

आधी भाचीची वही. परागकण म्हणजे पुंयुग्मक (नराकडची जननाची पेशी) नव्हे. असं लिहून देणारे पुष्कळ आहेत, कारण एका ओळीत धडा उरकतो. परागकणाच्या आत दोन पेशी असतात. मोठीतून पुढे परागनलिका निघते, धाकटी असते ती जनन पेशी. ही धाकटी दुभंगून तिची दोन पुंयुग्मकं होतात, आणि बहुतेक फुलझाडांत ती दुभंगते परागकण कुक्षीवर, म्हणजे मादीफुलाच्या टोकावर, पडून नलिका खाली उतरायला लागल्यावर. म्हणजे पराग वाऱ्यावर किंवा माशीच्या पायाला चिकटून फिरत असतो, तेव्हा त्यात युग्मक अजून तयारही झालेलं नसतं. मादीच्या बाजूलाही हाच घोळ घालतात. बीजांड म्हणजे स्त्रीयुग्मक नव्हे. बीजांडाच्या पोटात भ्रूणकोष, भ्रूणकोषात सात पेशी, आणि त्यांतली एक अंडपेशी. तेवढीच स्त्रीयुग्मक.

आता युग्मक कशाला म्हणायचं? ज्या पेशीत गुणसूत्रं निम्मी आहेत आणि जी दुसऱ्या निम्मीला जाऊन मिळण्यासाठीच झालेली आहे, तिला. माडाची झावळी घे, मूळ घे, कुठल्याही साध्या पेशीत 32 गुणसूत्रं सापडतील. अंडपेशीत 16, पुंयुग्मकात 16. दोन्ही मिळून परत 32, की झाला युग्मनज, म्हणजे नव्या माडाची पहिली पेशी. हे निम्मं करायचं काम अर्धगुणसूत्री विभाजनात होतं, आणि त्यात मला नेहमी गंमत वाटते ती नर-मादीच्या वागण्याची. एका पेशीच्या चार होतात. नराच्या बाजूला चारही जगतात, चौघींचे चार परागकण. मादीच्या बाजूला चारातल्या तीन मरतात आणि उरलेल्या एकीतून अख्खा भ्रूणकोष उभा राहतो.

पण खरी गोष्ट निम्म्या संख्येची नाहीच. निम्मी *कोणती*, ही आहे. 16 जोड्या आहेत, प्रत्येक जोडीतलं एक उचलायचं. आईकडून आलेलं उचललं जाईल की बापाकडून आलेलं, हे दर जोडीला वेगळं ठरतं. नुसता हिशेब केला तरी 65,536 प्रकारची युग्मकं एका माडात होऊ शकतात. त्यात जोडीदार गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची देवघेव करतात ती वेगळीच. म्हणून बाणवलीचा एकच माड आयुष्यभर पराग झाडत राहिला तरी एकासारखा दुसरा सापडणं कठीण.

तुझ्या सिंगापुरीचं तसं नाही, आणि तुझं उत्तर इथेच आहे. बाणवलीची पोय, म्हणजे फुलोरा, फुटली की आधी साधारण तीन आठवडे नुसती नरफुलं उमलतात, हजारोंनी. ती झडून गेल्यावर बुडाशी असलेली मादीफुलं तयार होतात आणि थोडे दिवस तयार राहतात. जवळून बघितलंस तर त्या बोंडाच्या टोकाला तीन फाकांची कुक्षी दिसेल, त्यावर मधाचा ओलावा असतो, मुंग्या-माश्या लागलेल्या असतात. दोन-तीन दिवसांनी ती काळपट पडते, मग संपलं. तोवर त्याच पोयीतला पराग शिल्लक नसतो. साहजिकच बाणवलीला दुसऱ्याच्या परागावर भागवावं लागतं. बुटक्या जातीत मात्र नर आणि मादीफुलांचे दिवस एकमेकांवर येतात, त्यामुळे तो बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं, म्हणून त्याच्या जोड्यांमध्ये फरकच फारसा उरलेला नाही. त्याची युग्मकं जवळजवळ एका साच्यातली. तुझी केशरी रोपं ही ह्या स्वतःच्या परागाची. आईही तोच, बापही तोच.

मधूनच एखाद्या मादीफुलावर शेजारच्या बाणवलीचा पराग आधी पोचला. तिथे जे झालं ते तपकिरी. रंग असा चालतो: केशरी माडाच्या युग्मकात तांबडेपणा आहे पण हिरवेपणा नाही, हिरव्या बाणवलीच्या युग्मकात हिरवेपणा आहे पण तांबडेपणा नाही. दोन्ही एका रोपात आले की देठ तपकिरी दिसतो. म्हणून ते ना आईसारखं, ना बापासारखं. रोपवाटिकेत केशरी बुटक्यावर मुद्दाम उंच माडाचा पराग घालतात, तेव्हा संकर साधला की नाही ते ह्याच रंगावरून ओळखतात. केशरी निघालं ते बाजूला, तपकिरी ते विक्रीला. तुझा पाडेली नेमका उलटा वाफा साफ करायला निघालाय!

आणि नारळ सगळे एकसारखे दिसले ते का? कारण सोडण (बाहेरचं जाड साल) आईचं, करवंटी आईची, खोबऱ्यावरची तपकिरी सालसुद्धा आईची. बाप कोणीही असो, ह्या सगळ्यात त्याचा काडीचा हिस्सा नाही. त्यामुळे बाहेरून नारळ बघून आतल्या रोपाचा बाप ओळखता येत नाही. "आमच्या चांगल्या माडाचे बियाण्याचे नारळ" म्हणून बाजारात जे मिळतात, त्यांत विकणाऱ्याला ठाऊक असते ती फक्त आई.

पोफळ_आणि_पाडेली (मालवणसून)

बाई, पाडेल्याक नावां ठेवू नकात, मी पण माडार चडणारोच. 🙏 माका एक सांगा. काय काय माडांचे नारळ वरसून झकास, हातात घेतलो की हलको. सोललो की आत पाणी नाय, खोबरा नाय, नुसती करवंटी. लोक म्हणतत माड वांझ झालो. ह्या पण बापाच्या बाजूचाच काय?

चाकरमानी_परत

बाई, खूप आभार. भाचीला वाचून दाखवलं. ती आधी रुसली आणि मग तिने मला पेचात टाकलं: "परागनलिकेत पुंयुग्मकं दोन, अंडपेशी एकच. मग दुसरं काय करतं?" मला विचारण्यात काय अर्थ आहे, हे तिलाही माहीत आहे.

माझाही एक प्रश्न. आमच्या हापूसला हा त्रास नाही, कलम बांधलं की झालं. माडाचं कलम का करत नाहीत? तुमच्या म्हणण्याप्रमाणे दर नारळात सोडत निघणार असेल तर चांगल्या माडाची नक्कल मिळवायची कशी?

शेवटचा_बाक

भाचीला माझ्याकडून दहापैकी दहा. वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नाही तर मीच मागच्या बाकावरच्या एखाद्याला विचारायला लावायची.

दुसरं पुंयुग्मक काय करतं? तू शहाळं पितोस ते त्याच्यामुळे.

भ्रूणकोषात अंडपेशीच्या शेजारी एक मोठी मधली पेशी असते, तिच्यात दोन केंद्रकं. पहिलं पुंयुग्मक अंडपेशीला मिळतं, त्याचा कोंब होतो. दुसरं ह्या मधल्या पेशीत शिरतं. आईची दोन केंद्रकं आणि बापाचं एक, म्हणजे 16 च्या तीन पट, 48 गुणसूत्रं. ह्यातून होतो भ्रूणपोष, कोंबाची शिदोरी. ह्यालाच पुस्तकात द्विफलन म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सेर्गेई नवाशिन यांनी 1898 साली लिलीच्या कुळातल्या फुलांत ते पहिल्यांदा दाखवून दिलं. भातात, गव्हात, मक्यात, आपण पोटात घालतो तो सगळा पिठूळ भाग हाच. फक्त तिथे तो पटकन घट्ट होतो, म्हणून काय घडलं ते डोळ्यांना दिसत नाही.

माड हे सावकाशीने करतो. भ्रूणपोषाचं केंद्रक विभागत राहतं, पण पेशींच्या भिंती घातल्या जात नाहीत. खळ्यात मांडव घालून सगळं गणगोत एकत्र उतरावं, खोल्याबिल्या नंतर बघू, अशा थाटात असंख्य केंद्रकं एकाच पाण्यात तरंगत असतात. ते पाणी म्हणजे आपलं शहाळ्याचं पाणी. सहा-सात महिन्यांनंतर कडेने भिंती पडायला लागतात, करवंटीच्या आतून पातळ मलई धरते. तीच जाड होत होत खोबरं होतं. पोय फुटल्यापासून नारळ उतरवायला वर्षभर लागतं ते ह्या सगळ्यासाठी. म्हणजे खोबरंही एका युग्मकाच्या मिलनातूनच आलं, पण त्यातून कोणी माड होत नाही. माड होतो तो मऊ डोळ्याखालच्या इवल्याशा कोंबाचा. नारळ फोडलास की तीन डोळ्यांतला जो बोटाने दबतो त्याच्या आतल्या बाजूला खोबऱ्यात रुतलेला पांढरा दाणा बघ. टाचणीने अलगद उचलून निघतो. भाचीला दाखव, म्हण हाच युग्मनजाचा वाढलेला अवतार, बाकी सगळं सामान त्याच्यासाठी. रुजलेला नारळ फोडलास तर आतल्या पोकळीत स्पंजासारखा गोड गोळा सापडतो, तो ह्या कोंबानेच खोबरं शोषायला आत सोडलेला असतो. पोरं तो खाऊन टाकतात, माझीही खायची.

ही शिदोरी बिघडली तर काय होतं, त्याचं उदाहरण फिलिपाइन्समध्ये आहे. तिथे मकापुनो नावाचा नारळ असतो, खोबरं मऊ, लिबलिबीत, करवंटी भरून. मिठाईला त्याला चांगला भाव मिळतो. गुण दबका आहे, दोन्हीकडून आला तरच दिसतो. आता बघ, एका परागनलिकेतली दोन्ही पुंयुग्मकं एकाच पेशीची दोन शकलं, म्हणून तंतोतंत सारखी. अंडपेशी आणि मधल्या पेशीतली केंद्रकंही एकाच मुळाची. त्यामुळे कोंबात जे आलं तेच खोबऱ्यात आलं. मकापुनोचा कोंब धडधाकट असतो, पण ते खोबरं त्याला पोसू शकत नाही, म्हणून तो नारळ जमिनीत रुजत नाही. प्रयोगशाळेत कोंब काढून बाटलीत वाढवावा लागतो.

माडाचं कलम. आंब्याच्या सालीखाली वाढणारा थर असतो, दोन फांद्यांचे थर जुळले की जीव धरतात. माड हा भात-गवताच्या बाजूचा. त्याच्या खोडात असा थर नाही, फांद्या नाहीत, वाढणारा शेंडा एकच. तो कापलास तर माड मेला. हापूसची कोय लावून हापूस येत नाही म्हणून आपण कलमं बांधायला लागलो, आणि रायवळ मात्र कोयीवरच वाढू दिला. म्हणून बांधावरचे दोन रायवळ चवीला कधी सारखे लागत नाहीत. दर कोयीत युग्मकांची नवी जोडी. माड सगळे रायवळच समज. (दापोलीकर, तुमच्या नावाला बोलत नाहीये.)

मग नक्कल नाही तर निदान दोन्ही आईबाप माहीत असलेली रोपं तरी मिळवायची. भाट्येच्या नारळ संशोधन केंद्रात मी मुलांना न्यायची. एकदा तिथला माणूस उंच माडावर चढला होता, नुकती फुटलेली पोय होती. त्याने कात्रीने एकेक नरफूल छाटायला सुरुवात केली, सगळी आमच्या डोक्यांवर. मग उघड्या पोयीला कापडाची पिशवी घालून तोंड बांधून टाकलं. मादीफुलं तयार झाली की पिशवी सोडायची, टाल्कम पावडरीत मिसळलेला बुटक्याचा पराग कुक्ष्यांवर उडवायचा, परत बांधायची, आणि हे मादीफुलं संपेपर्यंत रोज, रोज चढून. एका मुलीने विचारलं, "सर, एवढं कशाला, वारा आणेल की पराग!" तो वरून म्हणाला, "आणेल, पण कुणाचा ते चिठ्ठीवर लिहून आणत नाही." केरळात निलेश्वरला 1932 साली डॉ. जे. एस. पटेल यांनी उंच आणि बुटक्या माडांचा असा संकर पहिल्यांदा केला, तेव्हापासून पद्धत मुळात तीच आहे. संकरित रोप महाग का, ह्याचं उत्तर त्या चढण्या-उतरण्यात आहे.

पाडेलीदादा, नावं ठेवली नाहीत हो. वांझ नारळाचं एक कारण बापाच्या बाजूचं असू शकतं, पराग नीट न पोचणं. पण फलन साफ चुकलं तर बोंड बहुधा लहानपणीच गळून जातं. नारळ पुरा वाढून आत रिकामा राहिला तर आधी खताकडे बघा. पालाश आणि बोरॉन कमी पडलं की असे नारळ वाढतात. माती तपासून घ्या, आणि त्या माडाला लगेच वांझ म्हणून कुऱ्हाड लावू देऊ नका.

सुकतीवाली (रत्नागिरी, खाडीकाठ)

बाई, मी तुमचीच विद्यार्थिनी, नाव सांगत नाही, मार्क आठवाल!

माडाचं झालं, मला शिणाण्यांचं (खडपाला चिकटलेल्या शिंपल्यांचं) सांगा. उधाणाच्या ओहोटीला खडपावरून काढून आणतो आम्ही. उकडून उघडली की कोणाच्या आतला गर झगझगीत केशरी, कोणाचा पांढरट दुधी. सासूबाई म्हणायच्या केशरी ती पिकलेली, पांढरी कच्ची. मी पण तेच धरून चाललेय. आणि कधी कधी सगळीच पातळ, पाणचट निघतात, गर म्हणून काही नाही. तेव्हा गिऱ्हाईक आमच्यावर डाफरतं. आज हे केशरी-तपकिरी वाचताना डोक्यात आलं, ह्यातही आई-बाप असं काही आहे की काय?

शेवटचा_बाक

मार्क मला सगळ्यांचे आठवतात, तेव्हा तू नाव न सांगितलेलंच बरं.

आहे ना! आणि माडापेक्षा सोपं आहे. केशरी ती मादी, दुधी तो नर. कच्चं-पिकलं काही नाही, दोन्ही पिकलेलीच. शिणाण्याची जननग्रंथी दोन्ही शिंपांना आतून लागून असलेल्या मऊ पदरात पसरलेली असते. तू ज्याला केशरी गर म्हणतेस तो बराचसा अंडपेशींनी भरलेला असतो, आणि दुधी रंग शुक्रपेशींचा. युग्मकांचा ढीग नुसत्या डोळ्यांनी बघायचा तर तुझी टोपली पुरे, सूक्ष्मदर्शक नको. माडात एकेक युग्मक शोधायला आम्ही काचपट्टीवर डोळे फोडून घ्यायचो.

पाणचट निघतात ती मोकळी झालेली. दिवस भरले की शिणाणी युग्मकं सरळ समुद्रात सोडतात. एकाने सोडली की पाण्यातून चाहूल लागून आजूबाजूचीही सोडतात, नाहीतर एवढ्या पाण्यात गाठ पडायची कशी? इथे नलिका नाही, पोचवणारी माशी नाही, शुक्रपेशीला शेपटी असते, ती स्वतः पोहते. अंडपेशी लाखोंनी, कारण बहुतेक कोणाच्या तरी पोटात जायच्या. ज्यांची गाठ पडली त्यांचे डिंभ, म्हणजे इवली पिल्लं, दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर भटकतात आणि मग कुठल्यातरी खडपाला धागे लावून बसतात. तुमच्या खडपावरची शिणाणी तिथल्याच आईबापांची असतील असं मुळीच नाही.

दोन युग्मकांची केंद्रकं एकमेकांत मिसळतात हे माणसाने पहिल्यांदा नीट पाहिलं तेही समुद्रातल्याच जिवात. 1876 साली ऑस्कर हर्टविग ह्या जर्मन संशोधकाने सी-अर्चिनची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काटे असलेला तो गोल जीव, खडपात पायाला टोचतो तोच. त्याची अंडी पारदर्शक, शिवाय फलन बाहेर पाण्यातच होतं, म्हणून सगळं समोर घडताना दिसलं. त्याच्या आधी दोनशे वर्षं, 1677 पासून शुक्रपेशी माहीत होत्या आणि विद्वान भांडत होते की पोर मुळात अंड्यात बसलेलं असतं की शुक्रपेशीत. दोघांची निम्मी-निम्मी भागीदारी आहे हे सुचायला एवढा वेळ लागला. विद्वानांचं असंच असतं.

गिऱ्हाइकाला मात्र एवढं सगळं सांगत बसू नकोस. पाणचट असतील त्या दिवसांत काढूच नका, पोटं भरू देत त्यांची.

पोफळ_आणि_पाडेली

म्हंजे इतकी वर्सां आमी मादये वेगळे आणि नर वेगळे करून खाल्लो नाय, एकाच कढयेत घातलो. 😂 बाई, बोरॉनाचा बघतंय. माती काढून देतंय तपासूक.

रायवळ

बाई, नावाला बोलला नाहीत म्हणता आणि बरोबर नावालाच बोलता. असो. चाकरमानी, तुमच्या तपकिरी रोपांना पुढे जे नारळ लागतील, ते परत रुजत घातले तर तपकिरीच येतील ना? मी तसं धरून दोन-चार बुक करायच्या विचारात आहे.

शेवटचा_बाक

नाही येणार. तिथेच सगळे फसतात. तपकिरी रोपाच्या जोड्यांत आता दोन वेगळ्या घराण्यांचा माल आहे. ते युग्मकं करायला बसेल तेव्हा तांबडेपणा आणि हिरवेपणा वेगवेगळे वाटले जातील. काही युग्मकांत दोन्ही, काहींत एकच, काहींत एकही नाही. समज ते स्वतःशीच फळलं, तर हिशेबाने 16 त 9 तपकिरी, 3 केशरी, 3 हिरवी, आणि एखादं पिवळं. आजी केशरी, आजोबा हिरवे, आणि नात पिवळी! मेंडेलने 1866 साली वाटाण्याचं छापलं तेच गणित. रंग नुसता डोळ्याला दिसतो म्हणून आपण त्याचं बोलतो. लवकर फळणं, नारळाचा आकार, खोबऱ्याची जाडी, सगळ्याची अशीच पांगापांग होते. म्हणून संकरित माडाचे नारळ बियाण्याला ठेवू नयेत. खावेत, विकावेत.

चाकरमानी, तुझ्यासाठी. तपकिरी रोपं लाव, लवकर फळतील अशी आशा धरायला हरकत नाही. पण बाप शेजारच्या कुठल्या बाणवलीचा ते माहीत नाही, तो कमी फळणारा असेल तर त्याचंही उतरेल. म्हणून विकायला निघालास तर "संकरित" म्हणून भाव लावू नकोस, आहे ते सांग. केशरीही फेकू नकोस, अंगणात शहाळ्यांना तीच बरी, उतरवायला पाडेलीची वाट बघावी लागत नाही. तपकिरींना साडेसात मीटर अंतर दे, विहिरीच्या काठी दाटी करू नकोस. आणि भाचीने वही सुधारताना शिक्षकांशी वाद घालू नये, उत्तरात "परागकणातील जनन पेशीपासून दोन पुंयुग्मके तयार होतात" एवढं लिहावं. पुस्तकातही तेच आहे, त्यामुळे मार्क कापता येणार नाहीत.

चाकरमानी_परत

तिने वाद घालून झालासुद्धा. शिक्षक म्हणाले पुस्तक काढ, पुस्तक काढलं, आणि आता वर्गात सगळ्यांच्या वह्यांत ती ओळ बदलली आहे.

काल संध्याकाळी तिने नारळातून तो पांढरा दाणा टाचणीने काढला. आईने विचारलं काय करताय, तर म्हणाली युग्मनज बघतेय. आई म्हणाली बघून झालं की ते खोबरं किसायला दे. शेजारच्या काकांना मी हळूच सांगितलं की तुमचे बाणवली आमच्या वाळूत बाप झालेत. ते म्हणतात मग अर्धी रोपं आमची.

रायवळ

दोन माझ्यासाठी ठेवा, काकांचा हिस्सा देऊन उरली तर. खायला आणि विकायलाच, बियाण्याला नाही. मे अखेरीला गुहागरला येतोय, फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.